बाष्कळ आणि वायफळ

‘बाष्कळ’ हा शब्द आताशा एकटा कुठे भेटत नाही. भेटला की शेजारी ‘बडबड’ असतेच. फार तर ‘विनोद’, नाहीतर एखाद्या अग्रलेखात ‘चर्चा’. नुसतं ‘तो बाष्कळ आहे’ म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. मराठीत असे जोडीदाराच्या आधाराने जगणारे शब्द बरेच आहेत. चकाट्या पिटायच्याच असतात, त्यांचं दुसरं काही करता येत नाही. उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, अकलेचे तारे तोडायचे, तोंडची वाफ दवडायची. दुसऱ्याच्या बोलण्याला नावं ठेवताना माणूस नवा शब्द शोधत बसत नाही, तोंडी बसलेला तयार शब्द फेकतो. ‘बाष्कळ’ तसा फेकायचा शब्द झाला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी तो तसा नव्हता, आणि त्याचा तेव्हाचा वावर बघायचा तर महाड तालुक्यात जायला हवं.

महाडहून बिरवाडीवरून वरंध घाटाच्या रस्त्याला लागलं की बारसगावापाशी शिवथरचा फाटा फुटतो. आंबे शिवथर, कसबे शिवथर, कुंभे शिवथर अशी एकाच नावाची गावं डोंगराच्या पायथ्याशी विखुरलेली आहेत. तिथली घळ म्हणजे समर्थ रामदासांचा ‘सुंदर मठ’. दासबोध समर्थांनी इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. मधल्या काळात ही जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. आत दोघांच्या मूर्ती आहेत, एक सांगणारी आणि एक लिहून घेणारी. आषाढ-श्रावणात घळीच्या तोंडाशी धबधबा कोसळतो तेव्हा आत उभ्या असलेल्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायला आवाज चढवावा लागतो. भिंती ओल्या, हवा गार, आणि बाहेरचा आवाज अखंड. उच्चारलेला प्रत्येक शब्द पाण्याच्या आवाजातून पलीकडे पोचवायचा असेल तर माणूस शब्द मोजूनच वापरेल, असं तिथे उभं राहिल्यावर वाटतंच.

दासबोध २० दशकांचा, दर दशकात १० समास, आणि ओव्या साडेसात हजारांवर. ग्रंथातच कलियुगाची किती वर्षं उलटली याचा उल्लेख आला आहे, त्यावरून १६५९ हे साल निघतं. एवढ्या मोठ्या ग्रंथात बोलणं हा विषय पुन्हा पुन्हा येतो. दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खलक्षणांनी होते, आणि त्या मूर्खांतले कितीतरी जण तोंडामुळे मूर्ख ठरलेले आहेत. कुणी स्वतःची स्तुती स्वतःच करतो, कुणी वाडवडिलांच्या कीर्तीवर गावभर बोलत सुटतो. त्यांतला एक तर डोळ्यांपुढे उभा राहतो: दोघं जण बोलत असताना तिसराच जाऊन मध्ये बसतो आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवत राहतो. हा माणूस एक शब्दही बोललेला नाही, तरी समर्थांनी त्याला यादीत घेतलं. बोलण्याचा बिघाड फक्त जिभेपाशी नसतो, जागा आणि वेळ ओळखण्यापाशी असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या भाषेत ‘बाष्कळ’ हे माणसाचं नाव आहे. बाष्कळ म्हणजे ज्याच्या बोलण्याला ताळ नाही, ज्याच्यात बसलं की आपलंही बोलणं घसरतं, असा माणूस. आणि असल्यांच्या घोळक्यात बसू नये असं समर्थ बजावतात. उद्धट, टवाळ, वाचाळ ही सगळी त्याच्याच पंगतीतली मंडळी. आज आपण ‘बाष्कळ’ हे विशेषण बडबडीला लावतो, म्हणजे दोष बोलण्याकडे ढकलतो आणि बोलणारा सुटतो. सतराव्या शतकात दोष थेट माणसाला चिकटत होता. मला ती जुनी रीत अधिक सरळ वाटते.

‘बाष्कळ’ची व्युत्पत्ती सांगताना लोक एकदम ऋग्वेदापर्यंत पोचतात. ऋग्वेदाच्या शाखांमध्ये शाकल आणि बाष्कल ही दोन नावं ठळक आहेत. व्यासांनी ऋग्वेद पैलाला दिला आणि पैलाने तो आपल्या दोन शिष्यांत वाटला; त्यांतला एक बाष्कल, असं विष्णुपुराण सांगतं. आज म्हटला जातो तो शाकल पाठ. बाष्कलांच्या पाठात आठ सूक्तं अधिक धरली जात. पुढे तो पाठ मागे पडला. मग शाकलांनी बाष्कलांना हिणवलं आणि ‘बाष्कळ’ म्हणजे निरर्थक बोलणारा झाला, अशी गोष्ट ऐकायला मिळते. गोष्ट चटकन पटण्यासारखी आहे, मला मात्र ती पटत नाही. शाखेचं नाव शिवी होऊन मराठीपर्यंत आलं असतं, तर वाटेत संस्कृतात त्या अर्थाची एखादी तरी पाऊलखूण राहिली असती. संस्कृतात बाष्कल भेटतो तो ऋषी म्हणून, हिरण्यकशिपूचा मुलगा म्हणून, देवीमाहात्म्यात महिषासुराचा सेनापती म्हणून. यांच्यापैकी कुणाच्याच नावाशी बडबडीचा संबंध नाही.

नावांच्या या कुळात एकाची गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात, तिसऱ्या अध्यायात, बाष्कली आणि बाध्व यांचा संवाद दिला आहे. बाष्कलीने बाध्वाला विचारलं, ब्रह्म म्हणजे काय ते मला सांगा. बाध्व काहीच बोलला नाही. बाष्कलीने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा बाध्व म्हणाला, आम्ही सांगतो आहोत, तुलाच कळत नाही. हा आत्मा शांत आहे. मराठीत निरर्थक बोलण्याला चिकटलेल्या शब्दाचा हा नावभाऊ उपनिषदांच्या परंपरेत अशा ठिकाणी उभा आहे, जिथे उत्तर म्हणून न बोलणंच पुढे येतं. शब्दांची नाती लागोत न लागोत, असे शेजार लक्षात ठेवण्यासारखे असतात.

‘वाचाळ’चं नातं मात्र चोख आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात लागोपाठच्या दोन सूत्रांत वाणीची दोन माणसं वेगळी काढली आहेत. एक ‘वाग्मी’, ज्याला बोलता येतं तो. आणि लगेच पुढे ‘वाचाल’ आणि ‘वाचाट’, जो फार बोलतो तो. मूळ शब्द एकच, वाच्. प्रत्यय बदलला की मान जातो. मागाहूनच्या वार्तिककारांनी तर स्पष्टच केलं की पुष्कळ बोललं तरी चांगलं बोललं असेल तर हे प्रत्यय लावायचे नाहीत, निंदेलाच लावायचे. बडबडीसाठी व्याकरणाने स्वतंत्र प्रत्यय राखून ठेवावा, यावरून या दोषाकडे किती बारकाईने बघितलं जायचं ते कळतं. मराठीने ‘वाचाल’चा ‘वाचाळ’ करून तो निंदेचा अर्थ जसाच्या तसा सांभाळला.

हे झालं पोथ्यांतलं. महाडच्या एसटी स्टँडवर किंवा पोलादपूरच्या बाजारात ‘बाष्कळ’ सहसा कानावर पडत नाही. तिथले शब्द हातात धरून बघता येतील असे आहेत. एखादीची टकळी चालू असते, एखादा चऱ्हाट लावतो, कुणी तेच ते दळण दळत बसतो. टकळी म्हणजे सूत कातायची चाती. संस्कृत ‘तर्कु’पासून तिची वाट निघते. खादीच्या चळवळीत ती शाळाशाळांत पोचली होती. बोटांच्या चिमटीने एक गिरकी दिली की ती आपल्याच वजनाने फिरत राहते, आणि हातातल्या पेळूतून सूत निघत राहतं. बोलणाऱ्याला कुणीतरी एकदा गिरकी दिली की झालं, हा अनुभव या शब्दात अचूक आला आहे.

चऱ्हाटाची, म्हणजे दोराची, गोष्ट याहून खोल आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर जुनी माणसं घरच्या घरी दोर वळत. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, मग ठेचून वरचा गर काढून टाकायचा आणि पांढरा वाख उन्हात वाळवायचा. वळायला दोघं लागतात. एक जण बसल्या जागी वाखाचे पुंजके मांडीवर घेऊन बसतो आणि थोडा थोडा जोडत जातो. दुसरा टोक धरून पीळ देत देत मागे सरकतो. पदर तयार झाले की दोन किंवा तीन पदर उलट्या बाजूने एकमेकांत वळायचे, म्हणजे पीळ पिळाला धरून ठेवतो आणि दोर उसवत नाही. गुरं बांधायला, गवताचे भारे आवळायला, विहिरीवर पोहरा सोडायला हाच दोर. किती लांब करायचा याला मर्यादा नाही. पुंजके जोडणाऱ्याचा हात थांबत नाही तोवर दोर वाढत राहतो. मागे सरकणारा अंगणाच्या टोकाला पोचला तरी वाढतो. ‘चऱ्हाट वळणे’ या वाक्प्रचारातली निंदा त्या न थांबणाऱ्या हाताची आहे. बोलण्यात अर्थ नाही असं तो म्हणत नाही. थोडा थोडा वाख सतत जोडला जातो आहे, एवढंच म्हणतो.

वाख हा शब्दही लक्ष देण्यासारखा. संस्कृत ‘वल्क’ म्हणजे झाडाची साल, त्यापासून प्राकृत ‘वक्क’ आणि मराठी ‘वाक’ किंवा ‘वाख’. वाणी या अर्थाचा ‘वाक्’ वेगळ्या मुळाचा, तो ‘वच्’पासून आलेला. दोघांचं रक्ताचं नातं नाही. तरी वाखाचं चऱ्हाट व्हावं आणि वाणीचंही चऱ्हाटच व्हावं, याची गंमत वाटते.

‘आजे, पुरे आता तुझं चऱ्हाट,’ असं नातू म्हणतो, तेव्हा ‘चऱ्हाट म्हंजे काय ता तरी ठावं हाय का तुला?’ असं आजीने विचारलं तर त्याला सांगता येणार नाही. गोठ्यात आता नायलॉनची दोरी आहे, ती महाडच्या दुकानातून येते. जातं कोपऱ्यात पालथं पडलं आहे, टकळी तर कुणाकडेच उरली नाही. वस्तू गेल्या आणि त्यांच्यावर बेतलेली दूषणं तेवढी मागे राहिली. पुढच्या पिढीला ‘चऱ्हाट’ म्हणजे लांबलेलं बोलणं, एवढाच अर्थ ठाऊक असेल, आणि शब्दकोशात दोर हा अर्थ दुसऱ्या क्रमांकावर जाईल. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आपला कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. त्या मंडळींना दोर वळणारी माणसं भेटत होती. आज कुणी इथल्या सावित्री नदीच्या खोऱ्यातले शब्द गोळा करायला बसलं तर त्याने घाई करायला हवी.

रिकाम्या बोलण्याची दुसरी शब्दसंपत्ती देवळातून आणि खेळातून आली आहे. पुराण लावू नकोस, आख्यान पुरे, तुझं भारूड आवर, रामायण सांगत बसू नकोस. कोकणाला जवळचा आहे तो ‘नमनाला घडाभर तेल’. नमन म्हणजे खेळाच्या सुरुवातीला देवदेवतांना, गावदेवाला, पंचांना, रसिकांना केलेलं वंदन. मशालीच्या उजेडात खेळ व्हायचा त्या काळी हे वंदनच लांबलं तर मशालीचं तेल तिथेच संपायचं आणि खरा खेळ अंधारात जायचा. शिमग्यातली नमनं, गणपतीतली जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सवालजवाब बघत वाढलेल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. त्याने तेल आणि वेळ यांचा हिशेब स्वतः पाहिलेला असतो. नमन वाईट असं म्हण म्हणत नाही. नमनाशिवाय खेळ उभाच राहत नाही. प्रमाण चुकलं, एवढीच तक्रार आहे.

या गटातला माझ्या मते सर्वांत अन्याय झालेला शब्द म्हणजे ‘चर्पटपंजरी’. लांबलचक, कंटाळवाणं, पुन्हा पुन्हा तेच सांगणारं बोलणं म्हणजे चर्पटपंजरी. मूळ ‘चर्पटपंजरिका’ हे आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेलं स्तोत्र. घरोघर ते ‘भज गोविंदम्’ या नावाने माहीत आहे. काशीत एक म्हातारा व्याकरणाची सूत्रं घोकत बसला होता, त्याला उद्देशून ते रचलं, अशी आख्यायिका आहे. पोकळ घोकंपट्टीत आयुष्य घालवू नकोस असं सांगायला जन्मलेलं हे स्तोत्र. पोरांनी ते संथा घेऊन अर्थाकडे न बघता म्हटलं, ध्रुवपद पुन्हा पुन्हा आलं, ऐकणारे कंटाळले, आणि शेवटी घोकंपट्टीचा दोष स्तोत्राच्याच माथी बसला असावा. तळमळीने सांगितलेल्या गोष्टीचं असं होऊ शकतं, हे भाषेने कायमचं नोंदवून ठेवलं.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. महाड-पोलादपूरकडे, आणि मुंबईपर्यंतच्या कोकण पट्ट्यात, ‘म्हणाला’च्या जागी ‘बोलला’ येतो. ‘ती बोलली, उद्या येते.’ ‘मी बोललो त्याला, नको जाऊ.’ पुण्याकडची माणसं हे दुरुस्त करायला जातात. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. या भागात ‘बोलणे’ हे क्रियापद अधिक कामं करतं. ‘आई मला बोलली’ म्हणजे आई रागावली. बोलणी खातात ती इथेच, बोल लावतात तेही इथेच. ज्या बोलीत नुसत्या ‘बोलली’ने मूल गोरंमोरं होतं, तिथे बोलणं हलकं मानलेलं नाही.

आणि बोलणं बंद करायचं तर ‘गप बस’. मराठीतला हा एक मोठा नमुना: ‘गप्प’ म्हणजे एक अक्षर नाही, आणि ‘गप्पा’ म्हणजे संपतच नाहीत. दोन्ही शब्द शेजारी राहतात, पण घराणी वेगळी. ‘गप’ हा तोंड मिटण्याचा, घास गिळण्याचा आवाज; त्यातूनच गपकन आणि गपागप. ‘गप्पा’ फारसीतल्या ‘गप’शी जोडलेला, म्हणजे बोलणं, संभाषण. हिंदी, गुजराती, सगळीकडे तो पसरला. मराठीने त्याचं अनेकवचन करून टाकलं. एक गप्प कुणी मारत नाही, गप्पाच मारतात.

गप्पांसाठी मराठीत एक वेळही राखून ठेवलेली आहे. ‘शिळोप्याच्या गप्पा’ म्हणतात ना, तो शिळोपा म्हणजे कामातून मोकळं झाल्यावरचा निवांत वेळ. लावणीच्या दिवसांत शिळोपा नसतो. कंबर दिवसभर वाकलेली, वर पाऊस, आणि संध्याकाळी घरात आल्यावर बोलायचंही त्राण नाही. भात कापून झोडून झालं, गुरं बांधली, दिवाबत्ती झाली की पडवीत माणसं बसतात. बोरिवलीला नोकरीला असलेल्याचं काय चाललंय, गणपतीला कुणाकुणाची गाडी येणार, कुणाच्या म्हशीने दूध चोरलं. यातलं एकही वाक्य लिहून ठेवण्यासारखं नसतं. निरर्थक म्हणायचं तर म्हणता येईल. पण मुंबईला गेलेली माणसं आणि गावात राहिलेली माणसं यांच्यातला दोर त्याच वाक्यांनी वळलेला असतो, हे कोकणातल्या कुठल्याही घराला ठाऊक आहे. ज्या घरात ही बडबड थांबते त्या घराबद्दल शेजारी काळजी करू लागतात.

म्हणून मला एका सवयीचा राग आहे. तेच बोलणं पुरुषांनी पारावर केलं तर त्या गप्पा, सभेत केलं तर चर्चा, आणि बायकांनी पाणवठ्यावर केलं तर वटवट. ‘वटवट सावित्री’ हा शब्द आपण किती सहज फेकतो. वटसावित्रीच्या नावाशी खेळून केलेली ती टवाळी आहे. जिचं नाव त्यात वापरलं त्या सावित्रीने यमाशी बोलून नवऱ्याचा जीव परत आणला, म्हणजे तिच्या कथेत बोलण्यानेच काम झालं. महाड-पोलादपूरची नदीही सावित्रीच. महाबळेश्वराहून निघून ती पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. तिच्या काठच्या बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या. टकळी, चऱ्हाट, दळण यांतली निदान दोन कामं घरातल्या बायकांच्या हातची होती, आणि त्याच कामांची नावं त्यांच्या बोलण्याला निंदेसाठी लावली गेली.

आता ‘वायफळ’. सगळ्या यादीत माझ्या दृष्टीने हा सर्वांत नेमका शब्द आहे. ‘वाया’ आणि ‘फळ’. बंदुकीचा बार वाया गेला तर तो वायबार, तसं फळ धरलंच नाही तर वायफळ. भाताच्या मुलुखात बोलण्याची पारख अशीच होते: पोचट बोलणं, फोल बोलणं. उफणताना सुपातून वाऱ्यावर धान्य सोडलं की भरलेला दाणा पायाशी पडतो आणि पोचा दाणा, फोलपटं लांब उडून जातात. पोचा दाणा दिसायला दाण्यासारखाच असतो. टरफल पूर्ण, टोक अणकुचीदार, आत तांदूळ नाही. ‘निरर्थक’ आणि ‘वायफळ’ यांतला फरक तिथे आहे. निरर्थक म्हणजे ज्याला अर्थ नाही. वायफळ बोलण्याला अर्थ असू शकतो, व्याकरण चोख असू शकतं, त्याच्यावर सही-शिक्काही असू शकतो. फळ मात्र येत नाही.

समर्थांनीही हाच फरक केला होता. बाष्कळ माणसाला ते टाळायला सांगतात, पण त्यांचा खरा संताप आहे तो क्रियेविना शब्दज्ञान सांगणाऱ्यावर, आणि तो त्यांनी अत्यंत कडक शब्दांत काढला आहे. बाष्कळापासून उठून जाता येतं. शहाण्यासारखं बोलून काहीच न करणारा अधिक नुकसान करतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण महाड शहराच्या मधोमध आहे. सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला: सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. त्या ठरावातला एकही शब्द निरर्थक नव्हता. तळं कुठलं, खुलं कुणाला, सगळं स्पष्ट होतं. आणि पुढची तीन वर्षं त्या पाण्याला अस्पृश्य मानलेल्यांतल्या कुणाला हात लावता आला नाही. इतर सर्वांना ते पाणी मिळत होतं, गुरांनाही मिळत होतं. महाडच्या इतिहासात वायफळ शब्दाला याहून चपखल जागा मला सापडत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी ती जुळवून आणण्यासाठी खपून काम केलं होतं, नगरपालिकेचे सुरबा टिपणीस बरोबर होते. दुसऱ्या दिवशी परिषद संपता संपता अनंतराव चित्रे यांनी सगळ्यांनी तळ्यावर जाऊन पाणी घ्यावं असं सुचवलं, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक रांगेने निघाले. तळ्यावर जाऊन त्यांनी ओंजळीने पाणी घेतलं. ठरावाला फळ धरलं ते तेव्हा, आणि ते ठराव करणाऱ्यांनी धरवलं नाही.

त्याच दुपारी गावात आवई उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा काही बेत नव्हता. अफवा हा शब्द अरबी, त्याचा मूळ अर्थ ‘तोंडं’. किती तोंडांनी ती फिरवली कुणास ठाऊक, पण घटकाभरात लाठ्या घेऊन जमाव जमला आणि परत निघालेल्या, जेवायला बसलेल्या लोकांना मारहाण झाली. खरा, अर्थपूर्ण, कायदेशीर ठराव तीन वर्षं हलला नाही. आणि बुडाचा पत्ता नसलेलं एक वाक्य एका दुपारीत माणसांची डोकी फोडून गेलं. बाष्कळ बोलण्याला आपण हसण्यावारी नेतो, ते मला याच कारणाने मान्य नाही. कुठलं बोलणं निरुपद्रवी आणि कुठलं घातकी, हे त्यातल्या अर्थावरून ठरत नाही. ते बोलणं कुणाच्या तोंडी आहे आणि ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे, यावर ठरतं.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले यांचा ठराव मंजूर झाल्याला बरोबर चार वर्षं होत असताना, महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. कागदावर होता तोवर त्याची कुणाला अडचण नव्हती. फळ धरलं त्याच वर्षी तो रद्द झाला. डिसेंबरात दुसरी परिषद भरण्याच्या तोंडावर तळं खासगी असल्याचा दावा महाडच्या कोर्टात दाखल झाला आणि पाणी घ्यायला मनाई आली. दावा चालत चालत मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला आणि तळ्यावरचा हक्क मान्य झाला. महाडच्या नगरपालिकेने तो पहिला ठराव केल्याला तेव्हा तेरा वर्षं उलटून गेली होती.